आत्याचं ताट आणि तुझं गप्प बसणं

अरे बाळा,

फोनवर नीट बोलता येत नाही, पप्पा बाजूलाच असतात, म्हणून लिहितेय. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेवताना जे झालं ना, त्यात मला आत्याचा राग आला नाही एवढा तुझा आला. ती तुझी होणारी बायको, कोल्हापूरची प्रोटेस्टंट पोरगी, पहिल्यांदा वसईला आपल्या घरी आलेली, सहज बोलून गेली की येशूला भाऊ होते, मरियेला पुढे मुलं झाली, आणि आत्याने ताट सरकवलं, आणि तू? तू पाला माशाचे काटे काढत बसलास.

रात्री मी बायबल काढलं. मार्क 6:3 मध्ये नावं आहेतच, याकोब, योसे, यहूदा, शिमोन. आपण कॅथलिक मरियेला कायमची कुमारी मानतो, म्हणून म्हणतो ते मावस-चुलत, आपल्याकडे पण मावसभावाला भाऊच म्हणतात की, आणि संत जेरोमने 383 च्या सुमारास, मरियेला पुढे मुलं झाली म्हणणाऱ्या हेल्विदियसला साधारण हेच उत्तर दिलेलं. ऑर्थोडॉक्स पंथवाले तर म्हणतात ती योसेफाची आधीच्या बायकोची मुलं. पण तिचा मुद्दा काय फालतू नव्हता हं, ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द आहे आणि तो कलस्सैकरांच्या पत्रात आलाय पण. फक्त त्या "पर्यंत" वरून मी तिला सोडणार नाही. मत्तय 1:25 म्हणतो मुलगा होईपर्यंत योसेफ तिच्याजवळ गेला नाही, म्हणून नंतर गेलाच असं कुठे? मी बाजारातून येईपर्यंत भांडू नका सांगते, म्हणजे आल्यावर भांडा असं थोडंच असतं. आणि तिला सांग, तुमचा मार्टिन लुथर स्वतः मरियेला कायमची कुमारीच मानायचा (हे ऐकून आत्याचा चेहरा बघायचाय मला).

मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नवरा-बायको आणि तरी तसलं काही नाही, मग ते लग्न कसलं, असं तिने हळूच विचारलं आणि सगळे ताटात बघायला लागले. प्रश्न बरोबरच होता. संत ऑगस्टिनने म्हटलंय की मरिया-योसेफाचं लग्न खरंच होतं, मनं जुळली की लग्न, शरीराचं नंतर. 31 वर्षं संसार केल्यावर मला हे अर्धं पटतं, कुठलं अर्धं ते विचारू नको आणि हे पत्र पप्पांना दाखवू नको.

आत्या म्हणते तिने मरियेला नित्य कुमारी मानल्याशिवाय तुमचं लग्न लावायचं नाही. मी फादरना विचारून आले. बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून जमेल तेवढं करीन असं वचन तू द्यायचंस, तिला ते नुसतं कळवायचं. तिच्याकडून काही लिहून घ्यायचं नसतं. मिस्सात आपण नित्य कुमारी मरिया म्हणतो तेव्हा ती गप्प राहिली तर राहू दे, कधी गप्प राहायचं ते तुम्हा दोघांत तिलाच जास्त कळतं.

शनिवारी या दोघं. आत्यालाही बोलावलंय. पाला नाही आणणार, सुरमई आणते, तिला काटे कमी.

तुझी मम्मी