समजा, रुंदी क्ष आहे

लष्कर, ग्वाल्हेर

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

तुला वसतिगृहात सोडून येताना तुझे बाबा आणि मी गाडीत फारसे बोललो नाही. आदल्या रात्री तुझी गणिताची उत्तरपत्रिका पाहून मी आवाज चढवला, याचे मला फार वाईट वाटते. तरीही ती उत्तरपत्रिका डोळ्यांसमोरून हलत नाही. दिलेली समीकरणे तू सगळी अचूक सोडवलीस, एकही चिन्ह चुकले नाही, आणि तुमच्या हिंदी पुस्तकात ज्यांना इबारती सवाल म्हणतात ती चारही शाब्दिक उदाहरणे कोरी ठेवलीस. चुकली असती तर मी इतकी घाबरले नसते.

गुणांविषयी मी लिहिणार नाही. "उत्तरच सुचले नाही तर काय लिहू?" असे तू रडत विचारलेस, त्याचे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते. बीजगणितात उत्तर आधी सुचावे लागत नाही. जे ठाऊक नाही त्याला एक नाव द्यायचे आणि ते ठाऊक असल्याप्रमाणे त्याच्यासह हिशेब पुढे न्यायचा. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढे असेल तेवढे', आणि आणखी अज्ञात राशी आल्या की त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. अण्णा पाटीवर 'समजा' लिहून त्याखाली रेघ ओढत. तुमच्याकडे 'माना कि' म्हणतात.

तू सहावीत असताना किल्ल्याच्या चढावरचे चतुर्भुज मंदिर आपण पाहिले होते. इ. स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात दिली आहे, रोजच्या ५० माळांचाही उल्लेख आहे, आणि त्या २७० मधले शून्य तू कितीतरी वेळ बोटाने हवेत गिरवत होतीस. समज, ती मापे झिजून गेली असती आणि आपल्याला एवढेच कळले असते की लांबी रुंदीपेक्षा ८३ हातांनी जास्त असून बागेची परिमिती ९१४ हात आहे. रुंदी क्ष मान, म्हणजे लांबी क्ष + ८३. एवढे लिहिण्यासाठी उत्तर ठाऊक असावे लागले का? एक लांबी आणि एक रुंदी मिळून परिमितीच्या निम्मे, म्हणजे ४५७; म्हणून २क्ष + ८३ = ४५७, २क्ष = ३७४ आणि क्ष = १८७. मात्र लांबी विचारली असेल तर १८७ वर थांबू नकोस. ताळाही मूळ वाक्यांवरून करून पाहा, कारण समीकरणच चुकीचे मांडले गेले असेल, तर त्यात किंमत घालून ती चूक कधीच उघडी पडत नाही. आणि 'आईचे वय मुलीच्या तिप्पट' असे वाचल्यावर घाईने आईच्या वयाला ३ ने गुणू नकोस.

मी पुन्हा शिकवू लागले, क्षमा कर. मला खरे भय त्या कोऱ्या जागेचे आहे. महिनाभर तुला ही उदाहरणे अडत होती आणि तू कोणालाच सांगितले नाहीस, आजीलासुद्धा नाही. आता तर तू इतकी दूर आहेस.

काल रात्री झोप येईना म्हणून मी आपल्या दोघींचेच उदाहरण मांडले. मी ४२ वर्षांची, तू १४ वर्षांची. माझे वय तुझ्या दुप्पट कधी होईल? ४२ + क्ष = २(१४ + क्ष), म्हणून क्ष = १४. तेव्हा तू २८ वर्षांची असशील. तुझा जन्म झाला तेव्हा मीही २८ वर्षांचीच होते, हे उत्तर आल्यावर ध्यानात आले आणि मी बराच वेळ वही मिटली नाही. सातवीत तू अण्णांची जुनी वही एकटीने वाचून काढलीस, ते मला तेव्हा आठवत होते.

आजीच्या डोळ्याचे मंगळवारी ठरले आहे, तू काळजी करू नकोस. ती चार उदाहरणे सोबतच्या कागदावर उतरवून दिली आहेत. बुधवारी फोनवर मी उत्तरे विचारणार नाही. प्रत्येकाची 'समजा'ची ओळ तेवढी मला वाचून दाखव.

तुझी,
आई