घर आपल्या नावावर

म्हापसा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर मुंडकारीचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेतल्या आपल्या घरावरच्या हक्काचा विषय काढला तर "भाटकाराने राहायला जागा दिली, त्याच्या विरोधात कसं जायचं?" एवढंच म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. म्हणून लिहिते.

तुमचं समाधान मी बघत वाढले. अकराच्या पेजेबरोबर तोरांचं (छोट्या कैऱ्यांचं) लोणचं असलं की आईला आणखी काही लागत नसे, आणि ते मन मारून नव्हे. कुणाचं घर बघून ती कधी हळहळली नाही. माझ्यात त्यातलं थोडं आलं असेल तर ते तिचंच.

पण उपकाराचं मला पटत नाही. रात्री आपल्या अंगणात पडलेला नारळ तुम्ही सकाळी भाटकाराकडे पोचवायचात. त्यांनी "वर ये, बस" म्हटलं तरी पायरीखालीच उभे. आजोबांनी त्यांचं कुळागर (माडा-पोफळींची बाग) राखलं, बोलावतील तेव्हा राबले. जागेचा मोबदला तेव्हाच फिटला नाही का? गेल्या पावसात मागची भिंत कोसळली, ती बांधायलाही त्यांच्या होकाराची वाट बघत आई ताडपत्रीखाली रांधत होती. वर म्हणते, "भिंत बाहेरच्या बाजूला पडली, देवाची कृपा." आई, देवाचे आभार मान, जरूर मान. भिंतीचं मात्र आपण बघायला हवं.

गोव्याच्या 1975 च्या मुंडकार कायद्याने आपल्यासारख्यांना घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिलाय, गावात 300 चौरस मीटरपर्यंत. किंमत मामलेदार ठरवतात, ती आपण भरायची. यात फुकट काही नाही, कृतघ्नपणाही नाही. गरिबाने हात जोडावेत, हक्काचं बोलू नये, यालाच आपल्याकडे चांगुलपणा म्हणत आले. भाटकार भले माणूस आहेत, मान्य. पण मुलं परदेशात. उद्या त्यांनी जमीन विकली तर नवा मालक तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही.

चवथीला त्यांच्या माटोळीला, गणपतीवर टांगतात त्या फळांच्या सजावटीला, आपल्याकडची फळं दरवर्षीसारखीच जाऊ देत. मीच नेऊन देईन, आणि अर्ज करतोय हेही तोंडावर सांगेन.

शनिवारी येते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं आणि आजोबांचं रेशनकार्ड ट्रंकेतून काढून ठेवा. सोमवारी मामलेदार कचेरीत जाऊ. बाबा, तुम्ही बरोबर या, सही तुमची लागेल.

तुमची,
बाय