चौथी झालर लाल का?

वडगाव, बेळगाव
दिवाळीच्या आधीचा रविवार

प्रिय चिमणे,

पार्सल फोडल्या फोडल्या छकुलीच्या अंगात काही घालू नकोस, आधी हे वाच. क्रोशाने विणलेला परकर उलगडलास की खालची, चौथी झालर लाल दिसेल आणि तू म्हणशील, "हिचा दोरा संपला वाटतं." व्हय, संपला. पण कसा संपला ते ऐक. चूक हिशेबाची आहे, आणि आपल्या दोघींत गणिताची बाई तू आहेस. "झालरीला असा किती दोरा लागणार गे?" हे फोनवर तूच म्हणालीस. मीही "थोडाच" म्हणून मोकळी झाले आणि खडेबाजारातून मोरपंखी दोऱ्याच्या मोजक्याच गुंड्या घेऊन आले.

आता माप बघ. नमुन्याचा तुकडा विणून धुतला, वाळवला, तेव्हा दहा सेंटिमीटरला २४ खांब (सुईवर आधी वेढा घेऊन घालायचे उंच टाके) बसले. परकर इलॅस्टिकचा, म्हणजे वरचं तोंड कुल्ल्यावरून सरकलं पाहिजे, म्हणून ६० सेंटिमीटर धरले. झाले १४४ टाके. १४४ साखळ्यांची माळ, पीळ न पडू देता तिची टोकं जोडायची (पहिल्यांदा पीळ पडलाच, चार ओळी उसवल्या), आणि मग गोल गोल खांब. अंगचा परकर सरळ नळकांड्यासारखा, सुमारे ४४ ओळी. एकूण सहा हजार तीनशेच्या आसपास खांब. इथवर सगळं सुरळीत.

झालर जिथे लावायची त्या ओळीत एक युक्ती असते. पुढची ओळ विणताना टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी मागचाच उचलायचा. पुढचा धागा मोकळा राहतो, त्याची एक बारीक रांग बाहेरून दिसत राहते. परकर पुरा झाला की त्या रांगेत सुई घालून झालर काढायची. मी प्रत्येक धाग्यात तीन खांब घातले: १४४ चे ४३२. दुसरी ओळ तशीच, ४३२. तिसऱ्या ओळीत प्रत्येकात दोन: ८६४. बेरीज १७२८. परकराच्या तीन ओळींना ४३२ खांब लागतात, आणि झालरीच्या तीन ओळींना बरोबर चौपट! चार झालरी म्हणजे ६९१२, अख्ख्या परकरापेक्षा जास्त. उंची बोटाएवढी आणि खादाडी अशी. हे मी आधी कागदावर मांडायला हवं होतं. मांडलं कधी, तर तिसऱ्या झालरीच्या मध्यावर गुंडी संपल्यावर.

भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की तुझ्या गणितात याला मोठा मान आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली क्रोशानेच असा झालरीसारखा वळत जाणारा पृष्ठभाग विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक जास्तीचा टाका, ओळीमागून ओळ तेच प्रमाण. कागदाचे नमुने हाताळताना फाटायचे, विणलेला टिकला. तुझ्या वर्गात कधी भूमितीचा तास रंगवायचा असेल तर ही झालर घेऊन जा. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा आठवतोय का? काठ वाढायला लागला आणि जागा पुरेना, की चुण्या पडणारच.

असो. दुकानात परत गेले. रंगाचा नंबर तोच, लॉट (एका वेळी रंगवलेला घाणा) वेगळा. दुकानात दोन्ही सारखे दिसले. घरी येऊन उन्हात धरले तर नवा दोरा हिरवटपणाकडे झुकलेला. आता अर्धी झालर जुन्या रंगाची, अर्धी नव्याची, हे काही बघवलं नसतं.

यात पोलक्याचा घोळ निराळाच. परकर डोक्याने विणला, पण पोलक्यासाठी एक इंग्रजी नमुना धरला. गळ्यापासून खाली, चार कोपऱ्यांत टाके वाढवत जायचा योक (गळ्या-खांद्यांचा वरचा भाग), मागे बटणांची फट, फुगीर बाह्या. नमुन्यात 'डबल क्रोशे' लिहिलं होतं. मी खांब विणले. २६ ओळींनंतर काखेशी यायचा योक कमरेशी आला! नमुना ब्रिटिश होता. ब्रिटिशांचा 'डबल' म्हणजे आपला मुका खांब, वेढा न घेता घातलेला बुटका टाका. आपल्या खांबाला ते 'ट्रेबल' म्हणतात, आणि अमेरिकेत त्याच खांबाला 'डबल' म्हणतात. दोन देश इंग्रजीच बोलतात आणि टाक्यांच्या नावांवरून आपल्यासारख्यांना फसवतात. आपल्या आयांना हा त्रास नव्हता. मुका खांब म्हटला की मुका, खांब म्हटला की सुईवर आधी एक वेढा. दोष अर्धा माझाही आहे, मालिका बघत बघत विणत होते. नाहीतर बाराव्या ओळीलाच डोळ्यांत भरलं असतं.

पण उसवलेल्या योकातून मोरपंखी दोरा हाती आला, तो जुन्याच लॉटचा! त्यात तिसरी झालर पुरी झाली. मग पोलकं पुन्हा घातलं, आता मुक्या खांबांत. घट्ट विणीमुळे ते थंडीतही चालेल. सगळं बसवल्यावर हिशेब केला: पोलकं होईल, चौथी झालर नाही.

शेजारच्या अक्कांकडे गेले. त्या बैलहोंगलकडच्या, घरात कन्नड. तुला आठवतील, बोरं वाळत घालायच्या. आम्ही दुपारी कट्ट्यावर एकत्र विणतो. मी दर २४ टाक्यांना सेफ्टी पिन लावते, अक्का तोंडानेच मोजतात: वंद, एरड, मूर, नाक. 'नाक' आलं की आमचा भाचा स्वतःचं नाक धरून दाखवतो आणि माझे टाके चुकतात. त्या दिवशी अक्कांनी इरकल नेसलं होतं. मोरपंखी अंग आणि लालभडक टोपपदर. मी बघतच राहिले. एवढी वर्षं आपण इरकल बघतोय, त्याचा पदर अंगाच्या रंगाचा कधी असतो का? वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) पदर अंगाला जोडूनच लावतात, आणि कुणाला दोरा कमी पडला असं वाटत नाही.

मग लाल गुंडी आणली, चौथी झालर लाल केली, आणि नुसती झालरच लाल दिसू नये म्हणून पोलक्याच्या गळ्याला आणि बाह्यांना दोन-दोन ओळींची लाल कड दिली. अक्का म्हणाल्या, "चलो आगेद!" (छान झालंय.) आईचं मत वेगळं. तिच्या मते परकर-पोलकं खणाचंच शोभतं, क्रोशाचे फक्त रुमाल आणि दाराचं तोरण. तिने तरुणपणी रेडिओलासुद्धा झगा विणलेला, तिचं काय ऐकायचं!

उशीर झाला हे कबूल. गणपतीला देते म्हणालेले. मधे मंगाईची यात्रा आली, पाहुणे आले, आणि नंतर पाऊस असा लागला की धुतलेला नमुन्याचा तुकडाच चार दिवस वाळेना. इथे मागांची खडखडही आता पूर्वीसारखी सलग ऐकू येत नाही. दुपारी शांतता असते तेव्हा मला उगीच चुकल्यासारखं होतं.

धुण्याचं लक्षात ठेव. गार पाण्यात, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलंस तर ओल्या झालरींच्या वजनाने परकर घोट्यापर्यंत येईल. पहिल्यांदा धुताना लाल रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने बघ. मी बघितलंय, पण पुण्याचं पाणी वेगळं. कुंदा पाठवलेला नाही, दोऱ्याला तूप लागलं असतं.

आणि नेफ्याच्या डाव्या बाजूला चार बोटं उघडी ठेवली आहेत. इलॅस्टिकचं जादा टोक तिथेच आत दुमडलंय. छकुली वाढली की ते सोड, आणि उंची कमी पडली तर मला कळव. लाल गुंडी अर्धी उरली आहे, पाचवी झालर होईल की नाही ते यावेळी तू आधी मोज.

तुझीच,
वडगावची