टाच गरम लागली की थांब

प्रिय मनू,

काल फोनवर बॅगेचं वजन सांगितलंस, पाणी आणि खाणं सोडून ७ किलो. चांगलं आहे, पण अजून कमी करायच्या नादात गरम कपडे काढू नकोस, अमेरिकेतल्या त्या ॲपलाचियन ट्रेलवर मार्चमध्ये बर्फ पडतो आणि अंग भिजलेलं असलं तर १० डिग्रीत पण हायपोथर्मिया होतो, म्हणजे अंग धोकादायक थंड पडतं. वॉटर फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, आत पाणी गोठलं की बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

पण मला खरं तर तुझ्या पायांबद्दल लिहायचंय.

तुला माहितीये मी १२ दिवसांचा ट्रेक ५ व्या दिवशी सोडला होता, कारण मात्र कधी नीट सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उतारावर उजवी टाच गरम लागायला लागली, दुखत नव्हती, नुसती गरम. ग्रुप पुढे होता, माझ्यामुळे सगळे खोळंबतील म्हणून मी बोललेच नाही, म्हटलं मुक्कामाला पोचल्यावर बघू. मुक्कामाला मोजा काढला तर कातडी सोबत आली. दोन दिवसात पाऊल सुजलं, ताप आला, परत फिरावं लागलं. टेप लावायला पाच मिनिटं पण लागली नसती गं.

तू पण तशीच आहेस. लहानपणी कान ठणकत होता तर दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीस, डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आत पू झालेला. अस्वलांपेक्षा मला तुझ्या या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते.

म्हणून टाच गरम लागली की तिथेच बस, बूट काढ, मोजा काढ, पाय वाळू दे, टेप लाव. खायला थांबशील तेव्हाही बूट काढूनच बस. बूट अर्धा नंबर मोठा घे, रोज चालून पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. पहिले दोन आठवडे रोज १२-१५ किमीच्या वर जाऊ नकोस, कितीही जोर आला तरी. दमसास लवकर वाढतो, स्नायू पण तयार होतात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनना मात्र महिने लागतात, आणि ३,५०० किमी चालायचंय तुला.

एमा गेटवूड १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी, कॅनव्हासचे बूट घालून हा अख्खा ट्रेल एकटी चालली हे तूच मला सांगितलेलंस. आदल्या वर्षी ती उत्तरेच्या टोकाकडून निघाली होती, वाट चुकली, चष्मा फुटला आणि सरळ घरी गेली. मला तिचं ते घरी जाणं फार आवडतं, गेली म्हणून तर पुढच्या वर्षी निघता आलं.

सामान भरायला गावात उतरशील तेव्हा फोन कर. "बरी आहे" म्हणू नकोस, पाय कसे आहेत ते सांग, डावा वेगळा आणि उजवा वेगळा.

तुझी,
आई