स्टिअरिंग बदलताना एअरबॅगचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडी सजवण्यावर आलेला लेख वाचला. अलॉय व्हील, पायाशी लागणारे निळे दिवे, सीट कव्हर, स्पोर्ट्स स्टिअरिंग, सगळ्यांचे फोटो होते आणि अंदाजे दरही. स्पोर्ट्स स्टिअरिंग लावले की गाडीतून काय जाते, हे मात्र त्यात कुठेच नव्हते. चालकाची एअरबॅग जाते. तेवढी एक ओळ छापली असती, तर हे पत्र लिहिले नसते.

चालकाची एअरबॅग स्टिअरिंगच्या मध्यभागी, हॉर्नच्या गादीखाली घडी घालून बसवलेली असते. तीन दांड्यांच्या चकचकीत स्पोर्ट्स चाकात तिला जागाच नाही. म्हणून दुकानात आधी ती सोडवून बाजूला ठेवतात, मग स्टिअरिंगच्या दांड्यावर 'बॉस किट' नावाचा जोडभाग चढवतात आणि त्यावर नवे चाक कसतात. जुन्या चाकामागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी वायर असते. चाक कितीही फिरले तरी हॉर्न, आवाजाची बटणे आणि एअरबॅग यांची जोडणी तिच्यामुळे टिकून राहते. यातला हॉर्न पुन्हा जोडून देण्याची हमी प्रत्येक दुकानदार न विचारता देतो. आपल्याकडे एअरबॅगवाचून गाडी चालते, हॉर्नवाचून चालत नाही!

मुलीसाठी जुनी हॅचबॅक बघत होतो, तेव्हा हा विषय माझ्यासमोर आला. एका गाडीचे स्टिअरिंग बदललेले होते. किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा लागत होता आणि काही सेकंदांत शहाण्यासारखा विझत होता, म्हणजे सगळे ठीक. मग एअरबॅग आहे कुठे, असे विचारल्यावर विकणारा गप्प झाला. पुढे गाडी सजवणाऱ्या एका दुकानात सहज चौकशी केली, तर तिथला कारागीर म्हणाला, "काहून टेन्शन घेऊन राहिले काका? लाइट नाही येत, गॅरंटी आपली."

या गॅरंटीमागची युक्ती साधी आहे. गाडी सुरू केली की एअरबॅगचे नियंत्रण यंत्र प्रत्येक एअरबॅगच्या वायरमधून अगदी बारीक प्रवाह सोडून तिचा विद्युत रोध तपासते. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा रोध साधारण दोन-तीन ओहम असतो. एअरबॅग काढून त्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर जोडला, की यंत्राला एअरबॅग जागेवर असल्याचे वाटते आणि दिवा विझतो. रेझिस्टर काही रुपयांत मिळतो. ताप मोजायला डॉक्टर आले की थर्मामीटर गार पाण्यात बुडवून दाखवावा, तसा हा प्रकार. सर्व्हिस सेंटरचा स्कॅनरदेखील यात फसू शकतो, कारण तोही त्याच नियंत्रण यंत्राला विचारून उत्तर देतो.

रेझिस्टरच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. काही गाड्यांत एका एअरबॅगच्या जोडणीत दोष दिसला की सगळी यंत्रणाच बंद पडू शकते. शेजारच्या सीटची एअरबॅग आणि पट्टा आवळणारे प्रीटेन्शनरही मग काम करतील याचा भरवसा राहत नाही. रेझिस्टर लावला तर निदान बाकीचे चालू राहते, असे म्हणणारे लोक आहेत. फक्त ट्रॅकवर पळवायच्या गाडीत, चालकाला पूर्ण माहीत असताना, हे म्हणणे मी ऐकून घेईन. घरातले चौघे चालवतात आणि उद्या विकली जाणार आहे अशा गाडीत तो दिवा लागलेलाच बरा. निदान पुढच्या माणसाला काहीतरी बिघडले आहे हे कळते.

"सीटबेल्ट लावतो ना, मग एअरबॅग कशाला?" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठीच बनलेली आहे. जोरदार समोरासमोरच्या धडकेत पट्टा छाती धरून ठेवतो, पण तो थोडा ताणतो, आणि मान नि डोके पुढे जातातच. डोके स्टिअरिंगवर आपटण्याआधी मध्ये पिशवी आलेली असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. सेन्सरला धडक कळण्यापासून पिशवी फुगेपर्यंतचे काम सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात उरकते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. फुगताच मागच्या छिद्रांतून तिची हवा सुटू लागते, म्हणून डोके तिच्यात रुतते, उसळून मागे फेकले जात नाही. ती नसेल तर डोक्यासमोर उरतो बॉस किटचा अ‍ॅल्युमिनियमचा गोळा आणि त्याचे उघडे स्क्रू. मूळ चाकाची कडा नि दांडे आघातात वाकावेत असे बनवलेले असतात. बाजारातले चाक तसे वाकेल की नाही, हे त्याच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

अंतराचाही प्रश्न आहे. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच, अंतर ठेवा, असा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा, एनएचटीएसएचा, सल्ला आहे. बॉस किट चाकाला दोन-तीन इंच पुढे आणते आणि 'डीप डिश' प्रकारचे खोलगट चाक आणखी पुढे. म्हणजे एअरबॅग काढायची आणि वर चाकही छातीजवळ आणायचे.

आकडे हवे असतील तर त्याच संस्थेच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या एअरबॅगमुळे एकट्या अमेरिकेत ५० हजारांहून अधिक जीव वाचले. एअरबॅगनेच माणसे मारली असेही कुणी सांगेल, आणि तेही खरे आहे. ताकाता कंपनीचे अमोनियम नायट्रेटचे इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारे भाग, उष्णता आणि दमटपणाने बिघडून फुटले, धातूचे तुकडे लागून माणसे गेली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात आपल्याकडच्याही होत्या, आणि २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. पण त्यावर उपाय इन्फ्लेटर बदलून घेणे हा होता, आणि कंपन्या ते फुकट बदलून देत होत्या. जुनी गाडी घेताना चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हे तपासता येते.

नागपूरकरांना हे सांगायचे कारण वेगळेच. शिवमडक्यापासून समृद्धीवर गाडी चढली की १२० ची मर्यादा, सरळ रस्ता, आणि दुपारच्या जेवणानंतरची डुलकी. गाडी घेताना आपण क्रॅश टेस्टचे तारे मोजतो. हे तारे देणारे भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, आणि त्यात समोरून होणारी धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. ते तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे असतात, एअरबॅगसकट. स्टिअरिंग बदलल्यावर ते आपल्या गाडीला लागू राहत नाहीत.

हौसेला माझा विरोध नाही. मेच्या उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीचे स्टिअरिंग हातात धरवत नाही आणि दहा वर्षांत त्याचे प्लास्टिक चिकट होऊन सोलते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मूळ चाकाच्या कडेवर चांगल्या कारागिराकडून चामडे शिवून घेता येते. मधल्या गादीला हात लावायची गरजच पडत नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे कंपनीचे चाक बसवता येते, पण एअरबॅगचा पार्ट नंबर आणि कनेक्टर जुळतात का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बघावे. बॅटरी काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्या जोडणीला हात लावू नये, कारण नियंत्रण यंत्रात पेटवण्यापुरती वीज साठून राहते. कुणाकडे जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी असेल, तर तिच्यात एअरबॅग मुळातच नव्हती, तिथे हा हिशेबच वेगळा. शर्यतीच्या गाडीत एअरबॅग नसते हा युक्तिवाद मात्र करू नये. तिच्यात लोखंडी पिंजरा असतो, सहा पट्ट्यांचा हार्नेस असतो, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि मान धरणारे हॅन्स उपकरण असते. मोमो किंवा स्पार्कोचे चाक तेवढे घ्यायचे आणि बाकीचे दुकानातच ठेवायचे, याला शर्यत म्हणत नाहीत.

ओघात आणखी दोन गोष्टी. स्टिअरिंगच्या मध्यावर चमकत्या खड्यांचे एम्ब्लेम चिकटवण्याची फॅशन आहे. एअरबॅग उघडताना असे एक एम्ब्लेम उडून चालकाचा डोळा गेल्यावर एनएचटीएसएने मार्च २०२२ मध्ये इशारा दिला होता. शेजारच्या सीटपुढे, बरोबर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेल्या गणपतीबद्दल मी काही बोलत नाही, लोक रागावतात. बाप्पाला जरा बाजूला बसवा, एवढीच विनंती. 

कायदा गप्प नाही. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, ते वेगळेच. पण नाक्यावर काळ्या काचा आणि फॅन्सी नंबर प्लेट दिसते, स्टिअरिंगमध्ये काय नाही ते दिसत नाही.

जुन्या गाडीच्या बाजारात हे प्रकरण जास्त गंभीर आहे. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. नवी एअरबॅग, बऱ्याचदा नियंत्रण यंत्र आणि पट्टे, असा खर्च येतो. तो वाचवायचा तर उघडलेली एअरबॅग काढा, स्पोर्ट्स चाक लावा, रेझिस्टर जोडा, गाडी पुसून उभी करा. गिऱ्हाइकाला वाटते, आधीचा मालक शौकीन होता. प्रत्यक्षात तो समोरून कशाला तरी धडकलेला असू शकतो. म्हणून स्टिअरिंग बदललेली गाडी दिसली की किंमत विचारण्याआधी मूळ चाक आणि मूळ एअरबॅग कुठे आहे ते विचारावे. आधीचा मालक खरेच शौकीन असेल, तर त्याच्या घरी ती पडून असण्याची शक्यता बरीच आहे. नसेल तर बॉनेटखालची पुढची चौकट आणि रंगाचे जोड माहीतगार मेकॅनिककडून बघून घ्यावेत.

देशाचे रस्ते वाहतूक मंत्री याच शहराचे खासदार आहेत आणि एअरबॅगचे नियम त्यांच्याच मंत्रालयातून निघाले आहेत, म्हणून सुरुवात इथून व्हावी असे वाटते. शहर, पूर्व आणि ग्रामीण, तिन्ही आरटीओ कार्यालयांत वाहन हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यांच्यासोबत विकणाऱ्याकडून एका पानाचे स्वघोषणापत्र घ्यावे: स्टिअरिंग आणि चालकाची एअरबॅग कंपनीची आहे की नाही, आणि ती कधी उघडली होती का. गाडी सजवणाऱ्या दुकानांनीही पावतीवर नुसते 'स्टिअरिंग फिटिंग' न लिहिता 'चालकाची एअरबॅग काढून ग्राहकाच्या ताब्यात दिली' असे लिहावे. आपल्या पुढच्या पुरवणीत परिवहन अधिकाऱ्यांना याबद्दल विचारता आले तर बघावे.

आपला,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर