हेल्मेट काढण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतली क्रमशः विज्ञानकथा मी पहिल्या भागापासून वाचतो आहे. उद्ध्वस्त पृथ्वीवरून निघालेली दोनशे माणसं मागे एका रविवारी एकदाची नव्या ग्रहावर उतरली. यानाचं दार उघडलं, नायिकेनं हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मागोमाग सगळे अनवाणी गवतातून हसत सुटले. मी पुरवणी खाली ठेवली. घरच्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, बाई गेली.

माझी उभी हयात ऑक्सिजनचे सिलिंडर भरणाऱ्या प्लांटवर गेली. त्यामुळे हवेच्या बाबतीत मी जरा किरकिरा आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवायचे. व्हॉल्व सावकाश उघडायचा, आणि तेला-ग्रीसचा हात त्याच्याजवळ न्यायचा नाही. झटक्यात उघडला तर वायू दाबाखाली एकदम तापतो, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा साधा डागही पेट घेतो. गळती शोधायला मात्र आजही साबणाचं पाणीच. ब्रशनं सांध्यावर लावायचं आणि बघत बसायचं. मोठी गळती फुसफुसते, ती कुणालाही सापडते. जीव खाते ती बारीक गळती. फेसात टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा येतो, रेंगाळत फुगतो, फुटतो. सांधा ठीक आहे असं वाटून तुम्ही उठायला लागता, तोच त्याच जागी दुसरा. तो सोडून घरी गेलात तर सकाळी गेजचा काटा खाली आलेला असतो.

या कथेत कप्तान आहे, बंडखोर आहे, एक कवीही आहे. बुडबुड्याकडे बघत बसणारा माणूस कुठेच नाही. पण माझी मुख्य तक्रार त्याबद्दल नाही, त्या पहिल्या श्वासाबद्दल आहे.

ऑक्सिजन हा मोकळा राहणारा वायू नव्हे. लोखंड दिसलं की त्याला गंज चढवतो, खडकांत जाऊन बसतो, जे सापडेल त्याच्याशी संसार थाटतो. कुणी सतत नवा तयार करत नसेल, तर हवेतला साठा हळूहळू संपून जातो. पृथ्वीवर तो तयार करणारे जीव होते म्हणून तो आहे, आणि त्यांनाही घाई नव्हती. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. हवेत ऑक्सिजन साठायला सुरुवात झाली ती साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, डोळ्यांना न दिसणाऱ्या सायनोबॅक्टेरियांच्या कृपेनं. त्यानंतरही फार मोठा काळ तो आपल्याला पुरेल इतका नव्हता. आज आहे तसा २१ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन ही गेल्या काही दहा कोटी वर्षांतली चैन आहे. म्हणजे कथेतली ही दोनशे माणसं परक्या ग्रहावर नव्हे, आपल्याच पृथ्वीवर १०० कोटी वर्षं आधी उतरली असती, तरी हेल्मेट काढल्यावर काही मिनिटांत गुदमरून मेली असती. आपला स्वतःचा ग्रह आपल्याला त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात राहायला मिळाला. तिथे दुसरा कुणाचा तरी ग्रह नेमका आपल्या मापाचा शिवून तयार असेल, हे मला पटत नाही.

आणि समजा, असलाच तयार. मग ते गवत कुणाचं? मुळांशी काय राहतं? हवेत इतका ऑक्सिजन आहे म्हणजे तिथे कोट्यवधी वर्षं कुणीतरी नांदतं आहे. चंद्रासारख्या निर्जीव गोळ्यावरून १९६९ साली परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना आपण एकवीस दिवसांच्या विलगीकरणात डांबलं होतं, न जाणो सोबत काही आलं असलं तर, म्हणून. आणि ही मंडळी जिवंत ग्रहावर पहिल्या तासाला अनवाणी! श्वास घेता येणारा ग्रह रिकामा नसतो, आणि रिकाम्या ग्रहावर श्वास घेता येत नाही. लेखकानं दोन्ही एकदम मागितलं आहे.

रिकाम्या ग्रहाचाही हिशेब मांडून पाहिला. कथेवर आलेल्या पत्रांत एका वाचकानं लिहिलं होतं की पृथ्वी संपली तरी मंगळ आहेच. मंगळावर २०२१ ते २०२३ या काळात पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्रानं तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढून दाखवला. यंत्र छोटं, प्रयोगापुरतं, आणि अपेक्षेपेक्षा चांगलं चाललं. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे. सोळा वेळा चालवून एकूण ऑक्सिजन निघाला १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या खटाटोपातून एका माणसाच्या साडेतीन तासांची सोय झाली. बाहेरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तेव्हा उरलेल्या वेळी खिडकी उघडावी म्हणाल तर तेही नाही.

उलट आपली पृथ्वी ‘संपते’ म्हणजे नेमकं काय होतं, हे कथेत एका ओळीत उरकलं आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, डायनोसॉर गेले, जवळजवळ तीन चतुर्थांश प्रजाती गेल्या. हवा मात्र राहिली. तीच हुंगत आपले उंदराएवढे पूर्वज बिळांतून बाहेर आले. इतक्या वाईट दिवशीही पृथ्वी मंगळापेक्षा राहायला बरी होती. आणि ज्यांना यानाच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या हवा शुद्ध ठेवता येते, त्यांना तोच डबा पृथ्वीवर ठेवून का राहता आलं नाही, हा प्रश्न कथेतल्या बंडखोरालाही पडत नाही.

डब्यात राहणंही सोपं नसतं. १९९१ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनात आठ माणसं बायोस्फिअर २ नावाच्या काचेच्या बंदिस्त वसाहतीत दोन वर्षांसाठी शिरली. आत छोटं जंगल होतं, शेती होती, समुद्राचा तुकडासुद्धा होता. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून हळूहळू उतरत सोळा महिन्यांत १४ टक्क्यांच्या आसपास आला. माणसं जिना चढताना धापा टाकू लागली. गळती शोधली तर तेवढी नव्हती. मातीत भरपूर खत घातलं होतं, त्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. इथपर्यंत ठीक, झाडांनी तो घेऊन ऑक्सिजन परत करायला हवा होता. पण तो कार्बन डायऑक्साइड वाटेतच काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला. चोर भिंतीतच होता! मी हे प्रथम वाचलं तेव्हा आमच्या गेजवरचे कितीतरी न उलगडलेले आकडे डोळ्यांपुढून सरकले. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

बाहेरून. त्या आठ जणांना बाहेर होतं. नव्या ग्रहावरच्या दोनशे जणांना ते नसणार, आणि खरी कथा मला तिथे दिसते. भिंत काय खाते, माती काय खाते, याचा पत्ता लागेपर्यंत किती दिवस हातात आहेत? कोण कमी श्वास घेईल? म्हणजे व्यायाम कुणाचा बंद, मूल कुणाला होऊ द्यायचं? बंडाला याहून चांगलं कारण काय हवं?

आणखी एक. सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर १ यानाच्या वेगानं तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. कथेतलं यान त्याच्या कित्येक पट वेगवान धरलं, तरी उतरणारी माणसं पृथ्वीवरून निघालेली नाहीत, त्यांची पोरं-नातवंडं आहेत. जन्मल्यापासून ज्यांना ‘दाराला हात लावायचा नाही’ एवढंच शिकवलं, ती दार उघडताच बाहेर धावतील? मला वाटतं ती आतल्या कोपऱ्यात जाऊन बसतील. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी बंद खोलीत शिरताना मी अजून उंबऱ्यावर क्षणभर थांबतो, आणि माझ्याभोवती तर आख्खी पृथ्वी भरून हवा आहे.

लेखकावर राग नाही. भाषा छान आहे, आणि पुढचा भागही मी वाचणारच. फक्त एक हिशेब त्यांच्यापर्यंत पोचवावा. आमच्याकडचा मोठा सिलिंडर सात घनमीटरचा, त्यात एका माणसाचा अकरा दिवसांचा श्वास मावतो. दोनशे माणसांना दिवसाला अठरा सिलिंडर लागतील, रविवार धरून. कथा आता उतरल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसावर आली आहे. म्हणजे सातशेवीस झाले. ते कुठून आले आणि रिकामे कुठे रचून ठेवलेत, एवढं पुढच्या भागात कळलं तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक