साहेब, आमच्या खोऱ्याची शीव कोणी पुसली?

माननीय साहेब,
सादर नमस्कार.

इंग्रजीत तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. आता निदान माझी माणसं तरी वाचतील, म्हणून मराठीत लिहिते.

काल इथे हवाईत, आमच्या खाचरातला कालो उपटला. कालो म्हणजे आपला अळूच. त्याच्या कांद्याला बोट लावलं तर आतच गेलं, आणि कुजका वास सुटला. शेजारच्या तूतू, म्हणजे आजी, काही बोलल्या नाहीत. कांदा धुतला आणि बांधावर ठेवला. कालोला गार, वाहतं पाणी लागतं. तुंबून तापलं की मूळ सडतं. आमच्या पाटात आज घोटाही बुडत नाही.

दोन वर्षांपूर्वी भर सभेत आपण शब्द दिला होता की वरच्या अंगाला परवानगी देण्याआधी अहुपुआआची, म्हणजे खोऱ्याच्या पट्टीची, जुनी हद्द धरून जाणत्यांना विचारू. परवा नोटीस आली. परवानगी देऊन झाली! नकाशात खोऱ्याचं नावसुद्धा नाही, नुसते प्लॉटचे नंबर.

ओआहू बेटाचे सहा मोकू, म्हणजे मोठे विभाग. आमचा कोओलाउपोको. मोकूच्या पोटात अहुपुआआ, डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या खडकापर्यंत उतरलेली पट्टी. शिवेवर दगडांचा ढीग, 'अहु', त्यावर 'पुआआ', डुकराची प्रतिमा. राजाचा वार्षिक कर तिथेच ठेवायचा. कोनोहिकी, म्हणजे पट्टीचा कारभारी, देखरेख करी. खाचरातून फिरलेलं पाणी पुन्हा ओढ्यात सोडायचं, कारण खालीही माणसं आहेत. इथे पाणी 'वाई', संपत्ती 'वाईवाई' आणि कायदा 'कानावाई'. शीव आखली होती ती पाण्यासाठी, साहेब. ती पुसली की वरचा खालच्याचा कोणीच लागत नाही.

१८४८ ला जमिनीची वाटणी झाली. कसणाऱ्यांच्या हाती एक टक्काही आली नाही. १८९३ ला राणी लिलिउओकलानींचं राज्य उलथवलं. १९१६ ला डोंगर पोखरून वाईआहोले खोऱ्याचं पाणी पलीकडच्या उसाला नेलं, रोज सुमारे २ कोटी ७० लाख गॅलन! ऊस बंद पडला तरी पाण्यासाठी कोर्टात जावं लागलं, २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही जनतेची ठेव असल्याचं बजावलं. १९७८ पासून राज्याच्या संविधानात अहुपुआआत राहणाऱ्या मूळ हवाईयन वंशजांचे परंपरागत हक्क लिहिलेले आहेत. २०१२ ला जाणत्यांच्या अहा मोकू समितीचा कायदा केलात, तोही सल्ल्यापुरता. मग तो सल्ला घ्यायचा तरी कधी, पाणी गेल्यावर?

मी या बेटावर १९ वर्षं राहते. सुनावणीसाठी चार वेळा बिनपगारी रजा काढली, दोन बस बदलून आले. बोलायला तीन मिनिटं. तूतूंनाही तीनच मिनिटं, ज्यांच्या पणज्या याच चिखलात उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं 'ओलेलो हवाई'त, म्हणजे हवाईयन भाषेत, सुरू असतानाच घंटी वाजली. त्या दिवशी मी बसमध्ये रडले, आणि अजून तो राग गेलेला नाही.

परवानगी थांबवा. प्रत्येक अर्जावर मोकू आणि अहुपुआआचं नाव सक्तीचं करा. ओढ्यात आधी पाणी सोडा.

सोमवारी सकाळी सातला मी आणि तूतू वरच्या बांधावर आहोत. सडलेला कांदा तिथेच ठेवला आहे. या.

आपली,
खोऱ्यातली एक रहिवासी